हद्दीबाहेरची खोकी

मावळातल्या माझ्या ठाण्यातला तो रविवार आठवला, की निवृत्तीनंतरही माझी मान खाली जाते. नोकरीतल्या इतर तपासांच्या गोष्टी मी चारचौघांत रंगवून सांगतो. ही कधी सांगितली नाही.

लोणावळ्याला पर्यटकांची रीघ लागली होती आणि माझे निम्मे कर्मचारी तिकडे बंदोबस्ताला होते. सत्तरीचे एक आजोबा टोपी हातात घेऊन माझ्या टेबलासमोर उभे राहिले. 'जयभीम साहेब,' म्हणाले. मी नुसती मान हलवली. आमच्या वस्तीत कुणाची तरी खोकी राहिली आहेत, असं काहीसं ते सांगू लागले. मी वस्तीचं नाव विचारलं आणि मागच्या भिंतीवरचा हद्दीचा नकाशा पाहिला. तांबडी रेघ एका ओढ्यावरून जात होती आणि त्यांची वस्ती ओढ्याच्या पलीकडे, तिकोणा पेठेच्या बाजूला होती. ही हद्द आमची नाही, पलीकडच्या ठाण्याला जा, असं सांगून मी फायलीत डोकं घातलं. स्टेशन डायरीला नोंदसुद्धा केली नाही.

सोमवारी एका वाहतूकदाराने फिर्याद दिली. नवलाख उंबरे गावातल्या एका कारखान्यातून महाडला निघालेल्या त्याच्या ट्रकमधली चाळीस खोकी गायब होती. आत यंत्रांचे महागडे सुटे भाग होते. ड्रायव्हरला त्याने सोबतच आणलं होतं. पन्नाशीचा, मराठवाड्याकडचा माणूस, तीस वर्षं स्टिअरिंगवर घालवलेला.

त्याचं म्हणणं असं. शनिवारी घाटात वाहनं तुंबली म्हणून फोनने कामशेतपासून दुसरी वाट दाखवली. फोन सांगेल तसा तो वळत गेला. रस्ता अरुंद होत गेला आणि एका ओढ्यापाशी मागचं चाक चिखलात रुतलं. तिथल्या लोकांनी गाडी हलकी करायला चाळीस खोकी उतरवून आपल्याकडे ठेवली आणि ट्रक ढकलून मागे काढून दिला. भरलेली गाडी पुन्हा रुतेल म्हणून खोकी मागाहून टेम्पोने न्यायची असं ठरलं. या धावपळीत त्याचा फोन भाताच्या खाचरात पडून बंद पडला. दुसऱ्या दिवशी मालक त्याला जीपमध्ये घालून फिरला, तर त्याला ते वळण सापडेना.

मालकाने एकच अर्थ काढला, याने माल विकला. मीही तोच काढला. गुन्हा शाबीत झाला असता तर ड्रायव्हर तुरुंगात गेला असता. सुटला असता तरी माल खाणारा म्हणून त्याच्या हाती पुन्हा कुणी गाडी दिली नसती.

मंगळवारी मी त्याला समोर बसवलं. माझा प्रश्न एकच होता, गावाचं नाव सांग. त्याचं उत्तरही एकच.

"नाव नाही ठाऊक साहेब. फोन उजवीकडं म्हणाला, मी उजवीकडं गेलो."

तीस वर्षं गाडी चालवणारा माणूस भर दुपारी एका गावात अडकतो, तिथल्या लोकांच्या हातचं पाणी पितो आणि त्याला गावाचं नाव सांगता येत नाही, हे माझ्या डोक्यात शिरेना. खोटं बोलणारा नावापाशी येऊन अडखळतो, असा माझा अनुभव होता आणि त्या अनुभवाचा मला फार माज होता. फोनच्या टॉवरचा तपशील यायला चार दिवस लागणार होते. तेवढा धीर माझ्याकडे नव्हता. मी त्याच्या कानाखाली दोन वाजवल्या. त्याचा डावा गाल टरारून सुजला, तरी उत्तर बदललं नाही. खोकी हा शब्द दोनच दिवसांपूर्वी माझ्या कानावर पडला होता, पण ऐकला होता कुणी?

माझा एक जुना हवालदार होता, टाकवे बुद्रुककडचा. मी जेवायला गेलो तेव्हा त्याने ड्रायव्हरला चहा पाजला आणि म्हणाला, "नाव ऱ्हाऊ दे. काय काय दिसलं तेवढं सांग."

ड्रायव्हरने कागद मागितला. पूर्वी नवी वाट केली, की तो विडीच्या पाकिटावर तिचा नकाशा काढून ठेवायचा. गावांची नावं टपरीवर विचारून लिहायचा. केबिनमध्ये अशा पाकिटांचा गठ्ठा आणि घड्यांवर फाटलेला राज्याचा नकाशा असे. मालक बदलला तेव्हा नव्या मालकाने हसून तो कचरा टाकायला लावला. फोन आल्यापासून कुणाला काही विचारायची वेळच आली नव्हती, त्यामुळे नावंही कानावर पडत नव्हती.

मी परत आलो तर टेबलावर एका रद्दी फॉर्मच्या पाठीवर नकाशा होता. डावीकडे धरणाचं पाणी, मग समोर किल्ला, निळी कमान, कठडा पडलेली विहीर, ओढा. हवालदार म्हणाला, "साहेब, ही कमान मला ठाव हाय. माझ्या बहिणीच्या सासरची वाट हाय ही."

तासाभरात आम्ही तिथे होतो. समाजमंदिरात ताडपत्रीखाली चाळीसच्या चाळीस खोकी रचलेली होती. एकाचीही चिकटपट्टी निघालेली नव्हती. राखणीला दोन माणसं पाळीपाळीने बसत होती. आतून टोपी सावरत आले ते रविवारचे आजोबा.

"आमी आलतो की साहेब तुमच्याकडं," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, मीच विसरलो असेन असं त्यांना वाटलं असावं. "तुमी म्हनला, हद्द आमची न्हाई. तिकडच्या ठान्यात गेलो तर ते म्हनले, मालकाला आना. या पावन्याचा फोन लय येळा लावला, लागंना."

ड्रायव्हर माझ्या मागे उभा होता. त्याने हे सगळं ऐकलं. आजोबांचं लक्ष त्याच्याकडे गेलं आणि ते जवळ गेले.

"गालाला काय झालं रं बाबा?"

तो काय सांगेल आणि त्या माणसांसमोर मी कसा उभा राहीन, एवढंच माझ्या मनात होतं.

"दाढ दुखतीय, आबा," ड्रायव्हर म्हणाला.

आजोबांनी घरातून लवंग आणायला लावली. त्याने ती माझ्यादेखत दाढेखाली धरली. मला त्या क्षणी धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

पंचनामा झाला, माल मालकाच्या ताब्यात गेला, गैरसमजातून गुन्हा नोंदला गेला असा अहवाल मी न्यायालयात पाठवला. जाताना ड्रायव्हरने हवालदाराला वस्तीचं नाव विचारलं आणि रिकाम्या पाकिटावर लिहून घेतलं. माझ्याकडे त्याने काहीच मागितलं नाही. माफी मागायचं माझ्या ओठांवर आलं होतं, पण शिपाई बघत होते. आता तो कुठे असेल मला माहीत नाही.

त्यानंतर मी चौकशीत कुणावर हात उचलला नाही. काय दिसलं ते आधी विचारायला लागलो. पण याने ती गोष्ट पुसली जात नाही, कारण ती कागदावर मी वेगळीच लिहिली आहे. अहवालात मी नेहमीचं वाक्य घातलं, 'गुप्त बातमीदारामार्फत मिळालेल्या खात्रीशीर बातमीवरून माल हस्तगत केला.' वरिष्ठांनी त्याबद्दल मला शाबासकीचं पत्र दिलं आणि मी ते घेतलं.

तो बातमीदार गुप्त नव्हता. टोपी हातात घेऊन तो भर दिवसा माझ्या टेबलासमोर उभा होता, आणि मी नकाशा बघत होतो.