मानवाले भाऊ

जळगावातल्या निम्म्या माणसांना आमचे मानवाले भाऊ पाठीमागून ओळखायचे आणि समोरून एकालाही नाही. बाजारात एखादा गृहस्थ तोंडभर हसून नमस्कार करायचा आणि भाऊ त्याच्याकडे कोऱ्या चेहऱ्याने बघत राहायचे. तो बिचारा खजील होऊन वळायचा, चार पावलं जायचा, की मागून भाऊंची हाक यायची, "अहो सावद्याचे! डावी बाजू! कसं आहे आता?" व्यवसायाने ते फिजिओथेरपिस्ट. लोक त्यांना डॉक्टर म्हणायचे, भाऊ दर वेळी "मी डॉक्टर नाही" असं बजावायचे आणि लोक दर वेळी "बरं, डॉक्टर" म्हणायचे. शेवटी तडजोड म्हणून गावाने त्यांना मानवाले भाऊ करून टाकलं. कंबर, गुडघा, टाच ही सगळी अंगं त्यांना माहीत होती, पण जीव मानेवर.

माझी त्यांची ओळख अर्थातच पाठीकडून झाली. माझी बदली धुळ्याहून जळगावला झाली होती. बायको-मुलं धुळ्यात, मी जळगावात एका खोलीत, शनिवारी एसटीने जायचं नि सोमवारी पहाटेच्या गाडीने परत, असं चाललं होतं. कचेरीत दिवसभर कॉम्प्युटर. दोन वर्षं उजव्या भुवईच्या वर दुखत होतं. चष्मा दोनदा बदलून झाला, गोळ्या तर खिशातच असायच्या. अशाच एका सोमवारी पारोळा सोडल्यावर मागच्या सीटवरून एक अंगठा माझ्या उजव्या खांद्यावर, मानेच्या जरा खाली, येऊन बसला आणि हळूहळू दाबत गेला. मी ओरडणार, तेवढ्यात मागून शांत आवाज आला, "हलू नका. भुवईत गेलं का?" गेलं होतं. अगदी तीच कळ, त्याच जागी. "हेच का ते तुमचं नेहमीचं?" मी म्हटलं, "हेच." तेव्हा त्या माणसाने पहिल्यांदा समोर वाकून माझं तोंड पाहिलं आणि म्हणाला, "नमस्कार. एरंडोलला चहाचं बघू."

भाऊंच्या दवाखान्यात मशीन एकच होतं आणि त्यावर ते टॉवेल वाळत घालायचे. तपासणीची रीत मात्र कडक होती. रोग्याला स्टुलावर बसवायचं, हात मांडीवर, चपला काढून. मग एका कागदावर माणसाची पाठमोरी आकृती, तिच्यावर रोग्याने लाल पेनाने दुखतं तिथे रंगवायचं. तो कागद भाऊ न बघता उलटा ठेवायचे आणि अंगठ्याने शोधायला लागायचे. स्नायूत ताणलेली दोरी, दोरीत हरभऱ्याएवढी गाठ. गाठ दाबली की दुखणं भलतीकडेच उमटतं, आणि रोग्याने "माझं ते हेच" म्हणून ओळखलं पाहिजे. ते शब्द आले नाहीत तर भाऊंच्या लेखी तपासणी झालीच नाही. दाबताना ते रोग्याच्या चेहऱ्याकडे पाहायचे नाहीत, पायाच्या बोटांकडे पाहायचे. "चेहरा लाजतो, धुळेकर," ते मला म्हणायचे. "बोटं लाजत नाहीत." एकदा चोपड्याकडची एक बाई आली होती. कापसाचे गठ्ठे डोक्यावर वाहून वाहून तिची मान एका बाजूला वळेनाशी झाली होती. भाऊंचा अंगठा गाठीवर पडला तशी ती दवाखाना दणाणून ओरडली, "आठेच शे, भाऊ! आठेच शे!" तिच्या अहिराणीतलं ते ‘इथेच आहे’ ऐकून भाऊंचा चेहरा असा उजळला, की बाहेर बसलेल्या लोकांना वाटलं काही बक्षीसच लागलं.

दवाखान्याबाहेरही हा अंगठा स्वस्थ नसायचा. लग्नात ते नेहमी मागच्या रांगेत बसायचे आणि जेवणाची पंगत बसेपर्यंत पुढच्या रांगेतले चार खांदे तपासून व्हायचे. कोणाच्या घरी गेले की पाणी प्यायच्या आधी उशी मागवून तिची उंची बघायचे. चौकातल्या चहावाल्याने टीव्ही छताजवळ लावला होता, तर भाऊंनी स्टुलावर चढून तो दोन हात खाली आणला. दुसऱ्या दिवशी चहावाल्याने तो वर नेला, तिसऱ्या दिवशी भाऊंनी खाली. आठवडाभराने चहावाल्याने वैतागून टीव्हीच घरी नेला. गिऱ्हाइकं भाऊंवर चिडली. भाऊ म्हणाले, "चिडू द्या. माना तर सरळ झाल्या."

लग्न त्यांनी केलं नव्हतं. त्याचं कारण मला एका बुधवारी कळलं. बुधवारी संध्याकाळी मी त्यांच्याकडे जायचो. दवाखान्यामागच्या खोलीत ते भरीत करायचे आणि आम्ही दोघं एकटी माणसं जेवतात तसे, फारसं न बोलता जेवायचो. त्या दिवशी मीच विचारलं. म्हणाले, "एकदा मुलगी बघायला गेलो होतो. ती आली, वाकून चहा ठेवला. मी म्हटलं, तुमचा उजवा खांदा वर आहे. दुसऱ्या दिवशी नकार आला." मी खूप हसलो. ते हसले नाहीत. भाकरीचा तुकडा ताटात फिरवत म्हणाले, "खरंच वर होता हो. दुखत असणार तिला. घरात कोणी विचारलं नसेल."

गेल्या वर्षी पावसाळ्यानंतर एका बुधवारी त्यांनी नेहमीप्रमाणे माझा खांदा पाहिला. अंगठा जिथे टेकला तिथे काहीच नव्हतं, गाठ चांगली दोन बोटं खाली होती. "हेच?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "हेच." मला वाटलं, दमले असतील, कशाला टोका. पुढच्या बुधवारीही तेच झालं. तिसऱ्यांदा मी "हेच" म्हटल्यावर त्यांनी हात काढून घेतला आणि समोर येऊन बसले.

"खरं सांगा, धुळेकर."

"जरा खाली आहे, भाऊ."

त्यांनी उजवा अंगठा डाव्या मुठीत धरला. चार महिने झाले होते म्हणे. अंगठ्याच्या बुडाचा सांधा झिजला होता, टोकाला बधिरपणा आला होता. गाठ काय, हाड काय, सारखंच लागत होतं. "पण लोक तर ‘हेच’ म्हणत होते," ते म्हणाले. मग त्यांनी कागदांचा गठ्ठा काढला, चोपड्याच्या बाईचा अलीकडच्या खेपेचा कागद शोधला आणि तिच्या मुलाच्या नंबरावर फोन लावला. बाई फोनवर आली. भाऊंनी विचारलं, मागच्या खेपेला बरोबर जागा लागली होती का. पलीकडून ती म्हणाली, "नही, भाऊ. तुमले वाईट वाटी म्हनीसन सांगं नही."

"तीन तास एसटीने आली होती," फोन ठेवून भाऊ म्हणाले. "माझं मन राखलं आणि दुखणं तसंच परत घेऊन गेली."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी रोगी घेणं बंद केलं. चार महिन्यांतला प्रत्येक कागद काढून प्रत्येकाला फोन केला, "मी चुकलो असेन, परत तपासून घ्या" म्हणून सांगितलं, आणि स्टेशनजवळच्या एका तरुण फिजिओथेरपिस्ट बाईंकडे पाठवलं. चोपड्याच्या बाईला तर ते स्वतः बसस्टँडवर घ्यायला गेले आणि तपासणी होईपर्यंत बाहेर बाकावर बसून राहिले. आतून तिचा ओरडा ऐकू आला तेव्हा उठून चालू लागले.

धुळ्याला पुतण्याकडे जायचं त्यांनी ठरवलं. सामान बांधायला मी गेलो होतो. खोकी उचलताना ते एकदम थांबले आणि मान धरून उभे राहिले. तीस-पस्तीस वर्षं लोकांच्या पाठीवर वाकून त्यांची मान किती दुखत असेल, हे मी कधी विचारलंच नव्हतं. मी त्यांना स्टुलावर बसवलं. ते म्हणाले, "तुम्हाला जमायचं नाही." मग लगेच म्हणाले, "नखाने नको. अंगठ्याच्या पोटाने. वर. आणखी आत. आडवं सरका." मला दोरी कळेना, गाठ कळेना. तेवढ्यात बोटाखाली काहीतरी टचकन उडालं आणि भाऊंचा आवाज बंद झाला. मी विचारलं, "हेच का, भाऊ?" त्यांच्या पायाची बोटं आवळली गेली होती. ते मान खाली घालून बसले होते. मीही अंगठा काढला नाही. बाहेर सामान न्यायला आलेल्या टेम्पोवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला.

आता ते माझ्या गावी असतात आणि मी त्यांच्या. शनिवारी भेटायला जातो. पुतण्याच्या घरी माणसं खूप आहेत, सगळी चांगली आहेत. भाऊ गॅलरीत बसून रस्त्याने जाणाऱ्यांच्या पाठी बघत असतात. माझी मान हल्ली स्टेशनजवळच्या बाई बघतात. त्यांचा हात चांगला आहे, जागा पहिल्या झटक्यात सापडते. दुखणं शून्य ते दहामध्ये किती, असं त्या विचारतात, मी आकडा सांगतो, त्या लिहून घेतात. मग त्या पुढच्या माणसाला आत बोलावतात, आणि मी शर्टाची बटणं लावत बाहेर येऊन खोलीकडे चालायला लागतो.