ज्या रुपयाला काटाच नव्हता

आधीच सांगते — भुतंखेतं, नवस, कौल यातलं काहीही मी मानत नाही. हे घडल्यावर मानायला लागले असं कुणाला वाटत असेल तर तेही नाही. माझा विश्वास माझ्या डोळ्यांवर आहे, आणि पंचाईत नेमकी तिथेच आहे.

साल २००६. मी मूळची अकोल्याची, हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंगला. म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या... आणि सुट्टीच्या दिवशी नाण्यांतल्या! टांकसाळीत ठसा सरकतो, अक्षर दोनदा उमटतं, चकती वाकडी बसते — असली चुकलेली नाणी जमवायचा मला नाद. जवळच्या घोटावडे गावात सुमनकाकूंकडे मी भाड्यानं राहायचे. काकू विधवा, तोंडाच्या फटकळ, पण ताक केलं की एक तांब्या माझ्या दाराशी यायचाच.

त्यांच्या देव्हाऱ्यात जुना चांदीचा रुपया होता, राजाच्या तोंडाचा. घरात मोठा पेच पडला की तो ताम्हणात उडवून देवाचा कौल घ्यायचा, ही त्यांची रीत. छापा, म्हणजे राजा वर आला, तर देवाची ना. काटा, म्हणजे लिखाणाची बाजू वर आली, तर हो. रुपयाला हात फक्त थोरल्या बाईनं लावायचा. बाकीच्यांनी लांबून हात जोडायचे.

आणि पेच होता खाचराचा. रिहे गावाच्या वाटेवरचं भाताचं खाचर, काकूंचं आणि त्यांचे धाकटे दीर बबनराव यांचं सामाईक. आजूबाजूला फार्महाउसं उठत होती. बबनरावांनी पार्टी आणली होती, पण विकायला सही दोघांची लागणार. विकायचं का म्हणून काकूंनी कौल लावला की छापाच पडायचा.

एका रविवारी सकाळी बबनराव भावकीतली माणसं घेऊन ओसरीवर येऊन बसले. मला हाक मारली. "मॅडम, तुमी नाण्यातल्या जाणकार. जरा बघा ह्यो रुपया. आमच्या आईच्या टायमापासनं छापाच पडतोय. असं कुटं असतंय व्हय?"

मी काकूंकडे बघितलं. "बघ की," त्या म्हणाल्या, "मी काय चोरी केलीया?"

भिंग लावलं आणि आधी जीवच कळवळला. दर दिवाळीला चिंच आणि राख लावून घासघासून पार चकचकीत केलेला! नाणी जमवणारा माणूस हे पाप कधी करणार नाही. मग उलटा केला... आणि हात थांबला. कडेला एक बारीक खाच. एका बाजूला राजाचं तोंड उठावाचं. दुसऱ्या बाजूलाही तेच तोंड, पण डावं-उजवं बदललेलं आणि आत खोल गेलेलं. टांकसाळीत आधीचं नाणं ठशाला चिकटून राहिलं, की पुढच्या चकतीवर लिखाणाऐवजी त्या नाण्याचंच तोंड उमटतं. फार दुर्मीळ चूक. लांबून ते खोलगट तोंडही उठावाचंच वाटतं, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

खोटं बोलणं मला जमत नाही. सगळ्यांसमोर सांगितलं — नाणं खरं आहे, पण याला काटाच नाही. दोन्हीकडे राजा.

बबनराव हसले. "आजवर तुमच्या बाजूनं पडला, वहिनी. आज माझ्या बाजूनं पडू द्या. छापा आला तर जमीन द्यायची. बोला!"

माझं डोकंच फिरलं. "हा कौल नाही, लबाडी आहे! काकू, हो म्हणू नका. छापाच पडणार!"

काकू ताडकन उठल्या आणि ताम्हण आणून मधोमध आदळलं. "टाका भावजी. तुमीच टाका."

रुपया माझ्या तळहातावर होता. तिथूनच बबनरावांनी तो उचलला, उडवला. ताम्हणात गरगर फिरून पडला.

मी वाकले. वेलबुट्टी... मधे इंग्रजी अक्षरं, वन रुपी... खाली साल. अक्षरांवरून बोट फिरवलं, बोटाला लागली! कडेवरची खाच तीच, मी आत्ताच भिंगातून बघितलेली.

"उलटा करा," बबनराव म्हणाले.

उलटा केला. राजा. परत उलटा केला. राजा, आत खोल गेलेला. अक्षरं कुठंच नाहीत.

तुम्ही म्हणाल बदलला, नजरबंदी, उन्हाची तिरीप. खुशाल म्हणा! माझ्या हातातून बबनरावांच्या हातात गेला, मधे तिसरा हात नव्हता. आणि उन्हाची तिरीप बोटाला लागत नाही. टांकसाळीतल्या चुका मी ओळखते, ही त्यातली नाही. मग काय आहे? माहीत नाही. आजही नाही.

बबनराव चपला घालून गेले, त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. खाचरात त्या साली भात लागला, पुढेही लागत राहिला.

दुपारी काकू भाकऱ्या थापत होत्या. न राहवून विचारलं, "तुम्हाला माहीत होतं, दोन्हीकडे राजा आहे ते?"

"दरसाली घासतंय कोन? मीच न्हवं?"

"मग छापा पडला असता तर? जमीन गेली असती ना!"

"कशी गेली असती? मी टाका म्हनले, सही करते कुटं म्हनले?" त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. "देवाला बी ठावं व्हतं, ही बाई आपलं ऐकायची न्हाई. म्हनून त्यानंच सोताची अब्रू राखली."