रूबेनचा रांजण

"मास्तर, रूबेन गेला. या तुम्ही. घाई करू नका, जपून या." एवढंच बोलून रिबेकावहिनींनी फोन ठेवला. श्रावण संपत आला होता आणि मी पेणला ओट्यावर बिरडं सोलत बसलो होतो. घाई करू नकोस, हे मला साठ वर्षं सांगत आलेला माणूस गेला आणि त्याच्या बायकोने निरोपही त्याच शब्दांत दिला. अर्थात मी घाई केलीच. चष्मा घरी विसरलो, दोन पायांत दोन वेगळ्या चपला घातल्या आणि तसाच रोह्याच्या एसटीत चढलो. नागोठण्याला पोचेपर्यंत पायांकडे लक्षच गेलं नाही.

रूबेन निडीकर आणि मी रोह्याच्या शाळेत एका बाकावर बसलो. तो बेने इस्रायल, म्हणजे आमच्या कोकणातला ज्यू, मी कायस्थ. दोघांच्याही घरी मासळी-मटणाचं प्रेम सारखंच, त्यामुळे डबा एकच. फक्त त्याच्या घरचं मटण त्यांच्या रीतीने कापलेलं असायचं आणि त्यावर दही-दूध कधी चालायचं नाही, एवढा फरक मला दुसरीतच समजला होता. त्याच्या पणजोबांचा निडीला तेलाचा घाणा होता. शनिवारी तो बंद असायचा. रोह्याहून दिव्याला जाणारी गाडी निडीला थांबली की रूबेन खिडकीतून हात बाहेर काढून म्हणायचा, "उतर मास्तर, माझं गाव आलं, चहा पाजतो." स्टेशनात चहाची टपरीसुद्धा नव्हती. मी पेणला विज्ञानाचा शिक्षक झालो. तो डोलवीच्या कंपनीत भट्ट्यांना आतून अस्तराच्या विटा लावणारा मिस्त्री झाला आणि तीस वर्षं शिफ्ट करत राहिला. त्याचे सगळे नातेवाईक एकेक करून इस्रायलला गेले, मुलगी नाओमीही गेली. हा मात्र हलला नाही. का, असं विचारलं की म्हणायचा, "तिकडं उकाडा लय हाय." रोह्याच्या मे महिन्यात बसून.

त्या दिवशी मी पोचलो तेव्हा अंगणात सात पुरुष होते. प्रार्थनेला त्यांच्यातले दहा पुरुष लागतात. पूर्वी रोहा-अष्टमीत हाक मारली की वीस जमायचे, असं वहिनी म्हणाल्या. आम्ही फोनामागून फोन करत राहिलो आणि तिसऱ्या प्रहरी अलिबागकडून एका गाडीतून तिघे आले. दहा झाले. मी अकरावा, मोजणीबाहेरचा, रांजणाला टेकून उभा राहिलो. टेकायला त्या अंगणात तेवढी एकच जागा होती...

रांजण म्हणजे काय ते सांगायला हवं. कंपनीतला एक परदेशी साहेब मायदेशी परत जाताना कॉलनीच्या बंगल्यामागे एक वस्तू टाकून गेला. हिरव्या झिलईची, अंड्याच्या आकाराची, जाडजूड भाजलेल्या मातीची, बिजागरीचं झाकण आणि लोखंडी पाय असलेली. पाण्याला ठेवावी तर तिला खाली खिडकी. कुंडी म्हणावी तर वरच्या टोकालाही भोक आणि त्यावर फिरती चकती. माळी त्यात खत साठवायच्या बेतात होता. रूबेनने बोटाच्या पेराने टकटक केलं, आवाज ऐकला आणि म्हणाला, "ही भट्टी हाय." चार माणसं लावून त्याने ती टेम्पोत चढवली आणि डोलवीहून रोह्याला आणली. साहेब लोक त्यात मांस धुरावर भाजतात, दहा दहा तास, हे त्याला नंतर नाओमीने फोनवर शोधून सांगितलं. जपानी भांड्यावरून केलेली वस्तू आहे म्हणे. अख्ख्या आळीने मात्र पहिल्याच दिवशी तिला रांजण म्हणून टाकलं.

आमच्याकडे थंडीत पोपटी लावतात. मडक्यात वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला, कोंबडी, आणि मडकं उपडं घालून भोवती जाळ. रूबेनचं म्हणणं, ही बारा महिन्यांची पोपटी, फक्त जाळ बाहेर नाही, आत. मग त्याने प्रयोग सुरू केले. बाभळीचा कोळसा घ्यायचा. धुरासाठी आंब्याच्या सुक्या लाकडाचे तुकडे, कारण चिंचेने कडवटपणा येतो आणि सुरूने मटणाला फिनेलचा वास मारतो. पहिला पांढरा धूर जाऊ द्यायचा, निळसर, जेमतेम दिसेल असा धूर लागला की मगच मांस ठेवायचं. खालची खिडकी दोन बोटं उघडी, वरची चकती नखाएवढी. बस्स. झाकणावरचा उष्णतेचा काटा एका जागी उभा राहतो आणि जाड माती ती ऊब रात्रभर धरून ठेवते. काम संपलं की दोन्ही भोकं बंद. आतला विस्तव गुदमरून विझतो आणि उरलेला कोळसा पुढच्या वेळी वापरता येतो. रूबेन दर खेपेला मागच्या खेपेच्या कोळशावरच नवा पेटवायचा. ते मला फार आवडायचं, पण तसं मी त्याला कधी म्हटलं नाही.

त्याच्या धर्माला हा रांजण मापात शिवलेल्या सदऱ्यासारखा बसला. शनिवारी आणि सणाला नवा विस्तव पेटवायचा नाही, ही त्यांची रीत. रूबेनने त्यात स्वतःची भर घातली होती. पेटलेल्यालाही छेडायचं नाही. आदल्या दिवशी सूर्य मावळायच्या आत सगळं लावून टाकायचं आणि मग दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झाकणाला हात नाही. वर्षाचा मोठा बेत नव्याच्या सणाला, म्हणजे त्यांच्या वर्षारंभाला, बोकडाच्या मागच्या तंगडीचा. वहिनी सुरीच्या टोकाने आतली शीर शोधून अख्खी ओढून काढायच्या, ती खाणं त्यांच्यात वर्ज्य. मग हिरवं वाटण, लिंबू, तेल आणि वरून काकवी, कारण नव्या वर्षी गोड हवं.

आता माझी करणी. मला धीर नाही. परीक्षेच्या वर्गात मुलं लिहीत असताना मी मागून त्यांचे पेपर वाचायचो आणि "अरे, असं कसं?" म्हणून ओरडायचो. नाओमी इस्रायलला जाणार होती त्या वर्षी सणाच्या आदल्या संध्याकाळी रूबेनला अचानक शिफ्टला बोलावलं. तंगडी लावून झाली होती. तो मला म्हणाला, "मास्तर, निसतं बस हितं. काय करू नको." तो गेला आणि पाऊण तासात मी झाकण उघडलं. काटा जरा खाली आला होता म्हणून... नुसतं बघावं म्हणून. वारा आत शिरला, कोळसा फुलला. मग काटा वर गेला म्हणून काळजी वाटली आणि पुन्हा उघडलं. तिसऱ्या वेळी असा भडका उडाला की माझ्या दोन्ही भुवया गेल्या. दुसऱ्या दिवशी ताटात आलं ते बाहेरून कोळसा आणि आत कच्चं. पोरीचा घरातला शेवटचा सण, आणि तिने वरणभात खाल्ला. रूबेन रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने माझ्या बिनभुवयांच्या तोंडाकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, "तुला भाजायचं होतं का बघायचं होतं?" शाळेत मुलं पंधरा दिवस मला हसत होती. त्याचं काही वाटलं नाही. नाओमीचं वाटत राहिलं, आजही वाटतं.

आषाढात मी त्याला शेवटचा भेटलो. त्याला चार पावलं चाललं तरी दम लागायचा. रांजणाशेजारी खुर्ची टाकून बसला होता. शुक्रवार होता, कोंबडी लावायची होती. सगळं माझ्याकडून करून घेतलं. मी दोन बोटांच्या मापाला खिडकीवर खडूने खूण केली तर त्याने ती ओल्या फडक्याने पुसून टाकली.

"ह्या वर्षी सणाची तंगडी तू लाव."

"आणि तू काय करणार?"

"मी दोरी घेऊन बसतो. तुझे हात बांधायला."

मी म्हटलं, बाबा रे, माझ्या हातून एकदा वाटोळं झालंय, मला नको सांगूस. तर म्हणाला, "म्हनून तर. तू बिघडवलास, तूच नीट कर. मी मरायच्या आधी बघू दे." हे तो हसत म्हणाला आणि मीही हसलो. तेवढं बघायचं त्याचं राहिलं.

रूबेनला जाऊन महिना होत आला तेव्हा वहिनींचा पुन्हा फोन आला. नाओमीने त्यांचं तिकीट काढलं होतं, सण झाला की त्या कायमच्या तिकडे जाणार होत्या. "नव्याचा सण ह्याच घरात करनार मी," त्या म्हणाल्या. "रांजण पेटनार. आनी तुम्हीच पेटवायचा, रूबेन सांगून गेलाय." मी म्हटलं, वहिनी, तुमचा इथला शेवटचा सण, कुणा जाणत्याला बोलवा. त्या म्हणाल्या, "जानता कोन उरलाय? सांगा ना." त्या क्षणी मी ठरवलं की हा सण बिघडू द्यायचा नाही, मग मला खरंच दोरीने बांधून घ्यावं लागलं तरी चालेल.

सणाची आदली संध्याकाळ नेमकी आमच्या सर्वपित्रीला आली. सकाळी पितरांना पान वाढलं, कावळा लवकर शिवला, आणि मी दुपारची गाडी पकडली. दुसऱ्या दिवशी आमचे घट. बायको म्हणाली, "घट मी बसवते, तुम्ही जा. पण भुवया सांभाळा." निडीला गाडी थांबली. मी खिडकीतून हात बाहेर काढला आणि लगेच आत घेतला.

अंगणात जाऊन झाकण उघडलं. आत कोळसा होता. त्या शुक्रवारच्या कोंबडीचा उरलेला, रूबेनने स्वतः दोन्ही भोकं बंद करून विझवलेला. मी जरा वेळ तसाच उभा राहिलो. वहिनी दारातून म्हणाल्या, "बघत काय बसलाव? पेटवा." मी त्याच्यावरच पेटवलं. आंब्याचे तुकडे टाकले, पांढरा धूर जाऊ दिला, निळा लागला, तंगडी ठेवली, झाकण बंद केलं. खाली दोन बोटं, वर नखभर.

सण लागायच्या आत नाओमीचा फोन आला, चेहरा दिसणारा. तिकडे अजून ऊन होतं. "काका, एकदा झाकण उघडून दाखवा ना. फक्त एकदा. मला बघायचंय." तिचा एक सण मी बिघडवला होता, ती मागेल ते मी द्यायला हवं होतं. माझा हात कडीवर गेलासुद्धा. मग मी तो खिशात घातला.

"नाओमी, भाजायचंय का बघायचंय?"

मग ती रडत रडत हसली. "भाजायचंय, काका," ती म्हणाली.

सूर्य मावळला. थोड्या वेळाने परतीचा पाऊस आला आणि काटा घसरायला लागला. मी वहिनींना म्हटलं, मी काही ज्यू नाही, मी खिडकी केसभर सरकवली तर काय बिघडेल? त्या म्हणाल्या, "तुम्हाला चालंल ओ. रांजनाला नाय चालायचं. झोपा." झोप कसली लागते! सकाळी उठून पाहिलं तर काटा आणखी खाली. दुपारपर्यंत मी दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन ओटीवर बसून होतो, आमच्या वर्गात वांड पोरांना बसवायचो तसा. आयुष्यात एवढं अवघड काम मी केलेलं नाही, आणि ते काम काहीच न करण्याचं होतं.

भर दुपारी वहिनींनी स्वतः झाकण उघडलं. तंगडी गडद तांबूस झाली होती. त्यांनी हाड धरून ओढलं तर नुसतं हाड हातात आलं. घटस्थापनेच्या दिवशी मी मटण खाल्लं. देवीने आणि बायकोने, दोघींनी समजून घेतलं. एका बाजूला जरा कोरडं झालं होतं. मी ते बोलून दाखवलं तर वहिनी घास घेता घेता म्हणाल्या, "रूबेनचं पन त्याच बाजूला कोरडं व्हायचं. दर वर्षी. मी कधी बोलले नाय." आणि मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्या माझ्यासमोर रडल्या. मीही रडलो. नंतर आम्ही दोघांनी आणखी वाढून घेतलं.

वहिनी आता नाओमीकडे आहेत. तिकडे उकाडा आहे, पण रोह्याएवढा नाही म्हणतात. जाण्याआधी त्यांनी रांजण टेम्पोत घालून माझ्याकडे पेणला पाठवून दिला. तो अंगणात तुळशीपासून चार हातांवर उभा आहे. त्या दुपारी दोन्ही भोकं मीच बंद केली होती, त्यामुळे आत कोळसा उरला असणार. माझा, आणि त्याखाली थोडा त्याचाही. पुढच्या वर्षी नव्याच्या सणाला मी त्याच्यावरच पेटवणार आहे, खाणारे कुणी असोत नसोत. रोज सकाळी फुलं काढायला गेलो की झाकणावर हात ठेवतो. किती उरलाय ते उघडून बघितलेलं नाही.