अन्नाला छी म्हणू नये

मंगळवारची दुपार, क्योतो. घरात आम्ही दोघीच... मी आणि माझी पाच वर्षांची नात, हाना.

तिच्या टॉन्सिल्सचं ऑपरेशन होऊन आठवडा झाला होता. माझी लेक मधुरा त्या दिवशी पहिल्यांदाच परत लॅबमध्ये गेली. जावई कामासाठी टोकियोत.

निघताना मधुराने बजावलं होतं. घशातली खपली आता सुटायला येते, तेव्हा हेच दिवस जपायचे. कडक काही द्यायचं नाही, पळू द्यायचं नाही, आणि रक्त दिसलं तर लगेच फोन.

रक्त दिसलं तर... मी सकाळपासून तेच बघत होते. उशी बघितली, रुमाल बघितला. सगळं पांढरं.

दुपारी मऊ पेज केली, तूप-मीठ घालून, कोमट. हानाने थोडी घेतली. मग वाटी सरकवली आणि बारीक आवाजात म्हणाली, "छी."

हे मी मधुराचंही कधी चालवून घेतलं नाही. म्हटलं, "अन्नाला छी म्हणू नये, राणी." हानाला मराठी सगळं कळतं. उत्तर मात्र जपानीत येतं.

तिने माझ्याकडे बघितलं. पुन्हा म्हणाली, "छीऽऽ." डोळ्यांत पाणी. मग नुसतीच आवंढे गिळत बसली... तोंडात घास नसताना. मला वाटलं, रडू गिळतेय.

मला काही उमगेना. मी रागावले म्हणून? घसा दुखतोय म्हणून? की पेजच बिघडली? चाखून बघितली. चांगली होती.

शेवटी मधुराला व्हिडिओ कॉल लावला... तक्रार करायलाच. "तुझी लेक अन्नाला छी म्हणतेय. घे, तूच समजाव."

हाना फोनजवळ सरकली. "छीऽऽ..."

मधुराचा चेहरा उतरला. "आई, छी नाही गं! ची! ची म्हणजे रक्त. तोंड उघडायला सांग तिला."

"आ कर," म्हटलं. जीभ लाल होती, दात लाल होते. पोर रक्त थुंकत नव्हती, गिळत होती. म्हणून उशीवर एक थेंब नव्हता.

पुढचं मधुरा फोनवर सांगत गेली, मी करत गेले. पुढे वाकवून बसव, गिळू देऊ नकोस, थुंकू दे. ॲम्ब्युलन्स तिनेच बोलावली. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी रक्त थांबवलं आणि हानाला निरीक्षणासाठी ठेवून घेतलं.

मधुराने नंतर सांगितलं, जपानीत रक्ताला 'चि' म्हणतात, ऱ्हस्व. क्योतोची माणसं ते लांबवून बोलतात, आणि जावई इथलेच. त्यात घसा सोललेला... मला छी ऐकू आलं. की मला तेच ऐकायचं होतं? अजून नीट सांगता येत नाही.

हाना आता घरी आहे. काल मी पुन्हा पेज केली. तिने वाटी सरकवली. "छी."

मी आधी टॉर्च आणला. तोंड उघडायला लावलं, टॉर्च धरून बघितलं. काही नव्हतं. "अगं, कुठली छी ही?"

"आजीची छी," ती म्हणाली. चक्क मराठीत. वाटीकडे बोट दाखवून.

माझ्या पेजेला इतकं वाईट कुणी म्हटलं नव्हतं... आणि मला इतकं बरंही कधी वाटलं नव्हतं.