एक पूर्णांक दोन इंच

डेल्बर्ट क्राउस एकतीस वर्षं रोज सकाळी सातला अंगणात जाऊन पाऊस आणि बर्फ मोजत आला होता. पगार नाही, सक्ती नाही, नुसती हौस. मेरीलँडच्या डोंगरातल्या त्या गावात असे हौशी आणखी पाच-सहा होते. माप घ्यायचं, हवामान खात्याला कळवायचं आणि बर्फ मोजायची पांढरी फळी पुसून पुन्हा जागेवर ठेवायची. फळी पुसली नाही तर दुसऱ्या दिवशीचं माप खोटं. डेल्बर्ट एकदाही चुकला नव्हता.

सप्टेंबरात त्याची बायको मार्लीन गेली. जाण्याआधी म्हणाली होती, "माझी राख चिखलात टाकू नकोस हं. बर्फ पडला की सफरचंदाच्या झाडाखाली टाक."

"किती इंच पडल्यावर?" डेल्बर्टने विचारलं होतं.

"अरे देवा! मी मरतेय, आता तरी तुझे इंच पुरे कर."

तेव्हापासून राखेचा डबा स्वयंपाकघरातल्या कपाटात होता. डेल्बर्टला मात्र काहीच वाटत नव्हतं. चर्चमध्ये वाटलं नाही, तिचे कपडे देऊन टाकताना वाटलं नाही. शेजारणीने आणलेलं सूप तो गरम न करताच प्यायचा. बर्फ पडेल, राख टाकीन, तेव्हा रडू येईल, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं.

आणि बर्फ काही पडेना. डिसेंबर ओला गेला, जानेवारीत लोक स्वेटर काढून फिरले. दर शनिवारी ही बर्फ मोजणारी हौशी मंडळी नाक्यावरच्या हॉटेलात कॉफी ढोसत हवामानाचे नकाशे बघायची. म्होरकी रूथॅन, शाळेतली निवृत्त ग्रंथपाल. अडुसष्ट वर्षांची बाई, पण बर्फ पडावा म्हणून लहान पोरांसारखी पायजमा उलटा घालून झोपायची.

"दहा दिवस थांब, डेल्बर्ट. दहा दिवसांनी अशी थंडी येतेय की दात वाजतील."

"रूथॅन, हे दहा दिवस मी नाताळपासून ऐकतोय."

"या वेळी नकाशा जांभळा आहे, बघ तरी!"

तो बघायचा. बर्फाचा तो जांभळा रंग दर वेळी उत्तरेला सटकायचा.

अठ्ठावीस मार्चला सकाळी सहाला त्याने पडदा सरकवला तर अंगण पांढरं! पावणेसातला बर्फ थांबला. डेल्बर्टने बूट चढवले. फळीवर पट्टी धरली, अंगणात दहा ठिकाणी खोली पाहिली. मापाच्या नळीतला बर्फ आत आणून, कोमट पाण्याने वितळवून त्याचं पाणी मोजलं. खात्याला कळवलं, फळी पुसली. मग मंडळींचे निरोप सुरू झाले आणि रूथॅनचा फोन आला.

"माझ्याकडे दीड इंच!"

"दीड कसा असेल? तू पट्टी गवतात खुपसलीस. माझ्याकडे एक पूर्णांक दोन."

"म्हणजे सव्वाच की!"

"सव्वा नव्हे. एक पूर्णांक दोन."

दोघं तासभर भांडले. मजेत भांडले. शेवटी रूथॅन हळू आवाजात म्हणाली, "आणि मार्लीनचं झालं का रे?"

डेल्बर्टने खिडकीतून पाहिलं. ऊन चांगलं वर आलं होतं. सफरचंदाखाली हिरवंगार ओलं गवत होतं आणि पन्हाळीतून पाणी गळत होतं. तो डबा घेऊन धावत बाहेर गेला, पण बैल गेला आणि झोपा केला, तशातली ती गत. शेडमागच्या सावलीत हातभर जागेत बर्फ उरला होता, तोही चिखलाळ. डबा तसाच छातीशी धरून तो आत आला.

दुपारी फिनिक्सहून मुलीचा, कार्लाचा, फोन आला. "बाबा, बर्फ पडला म्हणे! आईला ठेवलंस का झाडाखाली?"

"नाही. मी मोजत बसलो."

ती म्हणाली, "रडतोयस का?"

"नाही गं." त्याने डोळ्यांना हात लावून पाहिला. कोरडेच होते.

"आता पुढच्या हिवाळ्यापर्यंत थांबायचं?"

"थांबावंच लागेल."

फोन ठेवून त्याने डबा कपाटात सरकवला आणि दार लावलं. म्हणजे डिसेंबरपर्यंत तरी मार्लीन घरातच राहणार होती. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची त्याला भयंकर लाज वाटली.