एलोइसाबाईंच्या वाट्याचं पाणी

खरं तर मला स्पेनला जायचं होतं. पुण्यात इंजिनिअरिंग शिकताना एका जुन्या पुस्तकात तिथल्या पाटांची चित्रं पाहिली होती. अरबांनी कित्येक शतकांपूर्वी खणलेले पाट अजून वाहतात आणि गावकरी आपसांत पाळ्या ठरवून पाणी घेतात, असं त्यात लिहिलं होतं. एक गाडी घ्यावी, नकाशा बाजूच्या सीटवर टाकावा आणि स्पेनच्या खेड्यांतून मन मानेल तसं भटकावं, हे तेव्हापासूनचं स्वप्न. पुढे न्यू जर्सीत वेस्ट विंडसरला घर झालं, केतकी झाली, घराचं छप्पर बदलून झालं, आणि स्पेन दर वर्षी पुढच्या वर्षावर जात राहिलं.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर, एका सप्टेंबरात, कंपनीनं मला कामासाठी न्यू मेक्सिकोत अल्बुकर्कीला पाठवलं. काम वेळेआधी उरकलं आणि हातात चार दिवस उरले. वसुधाला, म्हणजे बायकोला, फोन केला.

"अहो, तिथे सगळे स्पॅनिशच बोलतात म्हणे," ती म्हणाली. "तेच तुमचं स्पेन समजा आणि फिरून या. फक्त रिटर्न तिकीट चेंज करू नका. संडेला केतकीचं पियानो रिसायटल आहे."

मागून केतकीनं विचारलं, "बाबा, आर यू गोइंग टू सी काउबॉइज?"

काउबॉय मला एकही भेटला नाही. तेवढं सोडलं तर वसुधाचं म्हणणं खरं निघालं.

भाड्याची गाडी घेऊन उत्तरेला निघालो. हायवे रुंद आणि दोन्ही बाजूंना वैराण. लालसर माती, खुरटी झुडपं आणि डोळ्यांत न मावणारं आकाश. तासाभरानं डावीकडे खाली एक हिरवी रेघ दिसली. आमच्या खानदेशात वाढलेल्या माणसाला अशी रेघ दिसली की ती कशाची हे सांगावं लागत नाही. मी गाडी हायवेवरून खाली घेतली. नकाशात तिथे काहीच नव्हतं. प्रत्यक्षात मात्र मातीच्या भिंतींची घरं होती, मक्याची शेतं होती आणि शेतांच्या वरच्या अंगानं पाणी वाहत होतं. एका म्हाताऱ्यानं नाव सांगितलं, असेकिया (पाट). तीनशे वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज स्पेनहून येताना हे तंत्र बरोबर घेऊन आले. पाण्याच्या पाळ्या ठरवणारा गावाचा माणूस म्हणजे मायोर्दोमो. आमच्याकडे त्याला पाटकरी म्हणतात, आणि माझे वडील, अण्णा, वीस वर्षं आमच्या गावचे पाटकरी होते.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो, कारण त्या चार दिवसांत ती माझ्या बरोबरीनं गाडीत बसली होती. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना मी सुट्टीत घरी गेलो होतो. गावात पाटाखाली राहणाऱ्या तानूबाईच्या झोपडीजवळ अण्णांच्या पाटाला गळती आहे, हे माझ्या लक्षात आलं. मी ती बुजवली. एवढ्यावर थांबलो असतो तर शहाणा ठरलो असतो. पण संध्याकाळी गावाच्या सभेत, सगळ्यांसमोर, अशा गळतीनं दिवसाला किती पाणी वाया जातं याचा हिशेब मी फळ्यावर मांडून दाखवला. अण्णा एक अक्षर बोलले नाहीत. फावडं खांद्यावर टाकून निघून गेले. त्या वर्षअखेरीस त्यांनी पाटकऱ्याचं काम सोडलं. मग मी अमेरिकेला आलो, आणि आमच्यातलं बोलणं हळूहळू आटलं. त्यांची पत्रं वसुधाच्या नावानं येत. पाऊसपाणी, पीक, नातीला आशीर्वाद, आणि सर्वांत शेवटी एक ओळ, "चि. दिगंबर यास आशीर्वाद." चूक दाखवली म्हणून बाप इतकी वर्षं रुसतो, याचा मला राग होता. त्याहून जास्त, मला ते हवे होते.

त्या खेड्यातच जेवलो. वाढणाऱ्या बाईंनी विचारलं, "लाल की हिरवी?" इथे प्रत्येक पदार्थावर मिरचीचा रस्सा ओततात आणि तो कोणता हवा एवढाच प्रश्न असतो. खानदेशी माणसाला मिरचीचं काय विचारता, अशा तोऱ्यात मी दोन्ही मागितल्या. तिसऱ्या घासाला नाक वाहायला लागलं. बाईंनी टम्म फुगलेली पुरी (तिला सोपापिया म्हणतात) आणि मधाची बाटली आणून ठेवली. पुरीचा कोपरा तोडायचा, आत मध सोडायचा आणि गुमान खायचं. शेजारच्या टेबलावरच्या दोघांनी माझ्याकडे बघणं सभ्यपणे टाळलं.

दुसऱ्या दिवशी सान्ता फेहून ताओसला निघालो. तिकडे जायला दोन रस्ते आहेत, एक नदीकाठचा सरळ, दुसरा डोंगरातला. मी अर्थातच डोंगरातला धरला. वळणावळणाला एकेक गाव, प्रत्येक गावात मातीचं छोटं चर्च, दारादारांत लाल मिरच्यांच्या माळा. नुकत्याच भाजलेल्या मिरच्यांचा वास सगळ्या दरीत भरला होता. आई भरताची वांगी भाजायची तेव्हा वर दोनचार मिरच्या टाकायची. त्या वासानं मी गाडीची काच वर केलीच नाही.

चढाला गाडी तापली. बोनेटमधून वाफ यायला लागली तेव्हा एका गावाबाहेर, पाटाच्या कडेलाच थांबलो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे कळेल. इंजिन निवेपर्यंत काठावर बसलो, थर्मासात पाणी भरून घेतलं, दोन फोटो काढले. आणि तेवढ्यात मला ती दिसली. पाटाच्या खालच्या काठाला, दोन दगडांच्या फटीतून मनगटाएवढी धार उतारावर पळत होती.

माझा हात शिवशिवायला लागला. अण्णांनी शिकवलेलं सगळं जसंच्या तसं आठवलं. आधी फटीतला गाळ काढायचा. ओलं गवत पिळून आत ठासायचं. चिकणमाती तळहातानं नाही, टाचेनं दाबायची. वर चपटा दगड बसवायचा आणि पुन्हा माती. अर्ध्या तासात धार थांबली. पँटचं वाटोळं झालं होतं, पण परक्या मुलखात कोणा पाटकऱ्याचं काम हलकं केल्याच्या आनंदात मी शीळ घालत ताओसला पोचलो.

संध्याकाळी मोटेलच्या फोनवरून वसुधाला सगळं रंगवून सांगितलं.

"सुट्टीतसुद्धा लोकांचे पाट रिपेअर करायचे का?" ती म्हणाली. "बरं, अण्णांचं पत्र आलंय."

"माझ्याबद्दल काही?"

"शेवटची ओळ. नेहमीचीच." मग म्हणाली, "अहो, तुम्हीच का नाही लिहीत त्यांना?"

"काय लिहू?" मी म्हणालो, आणि विषय बदलला.

सकाळी रिओ ग्रान्दे नदीची खोल घळ बघायला निघायचं होतं. बॅग भरताना कळलं की कॅमेरा नाही. तो त्या पाटाच्या काठावर, दगडावर राहिला होता. घळ तिथेच ठेवून मी आल्या वाटेनं परत फिरलो.

पाटाजवळ दोन माणसं होती. डोक्याला रुमाल बांधलेली सत्तरीची एक बाई पाटातून बादली भरून उतारावरच्या एका घराकडे नेत होती. घरामागे परसबाग होती, मिरच्या, भोपळे, वेलावर चढलेल्या शेंगा. मिरच्यांनी माना टाकल्या होत्या. काठावर फावडं टेकवून एक उंच म्हातारा उभा होता. त्याला इंग्रजी येत होतं. मी मायोर्दोमो, नाव प्रोकोपिओ, असं त्यानं सांगितलं. मी कॅमेऱ्याचं विचारलं. बाईंनी बादली ठेवली, घरात गेल्या आणि फडक्यात गुंडाळलेला कॅमेरा आणून माझ्या हातात दिला.

आभार मानून निघालो असतो, पण मला कुठला दम निघतोय. मी त्या दगडाकडे बोट दाखवलं आणि सांगितलं, "तुमच्या पाटाला गळती होती. काल मी बुजवली."

प्रोकोपिओनं बाईंना स्पॅनिशमध्ये काहीतरी सांगितलं. बाई मटकन काठावर बसल्या आणि तोंडाला पदराचं टोक लावावं तसा रुमाल लावला. रडतात की हसतात, मला कळेना.

"ती गळती नाही," प्रोकोपिओ म्हणाला. "ते एलोइसाचं पाणी आहे."

एलोइसाबाईंच्या नवऱ्याच्या आजारपणात शेत विकलं गेलं. शेताबरोबर पाण्याची पाळीही गेली. घरामागचा तुकडा तेवढा उरला, पण पाळ्यांच्या वहीत आता त्यांचं नाव नाही, आणि वहीत नाव नाही त्याला पाणी देता येत नाही. हा नियम प्रोकोपिओच्या आजोबांपासूनचा.

"मग?" मी विचारलं.

"मग दगड सैल राहतो," तो म्हणाला. "दर वसंतात सगळं गाव मिळून पाट साफ करतं. या जागी आलं की सगळ्यांना डोंगर बघावासा वाटतो. माझ्या आधीच्या मायोर्दोमोलाही वाटायचा." त्यानं बाईंकडे पाहिलं. "काल पाणी थांबलं तेव्हा तिला वाटलं, गावानं ठरवलं. कालपासून माझ्याशी बोलली नव्हती."

पाण्याचा आवाज येत होता आणि मला तानूबाईची झोपडी दिसत होती. झोपडीमागे वालाचा मांडव होता. दुधी होता. तिला ना शेत होतं, ना फडात (पाटाखालच्या सामाईक बागायतीत) वाटा. हे सगळं मी लहानपणापासून बघत आलो होतो आणि त्या दिवशी फळ्यावर हिशेब मांडताना त्यातलं काहीही माझ्या लक्षात आलं नव्हतं. अण्णांच्या पाटाला वीस वर्षांत दुसरी गळती कुठे नव्हती. एवढा हुशार मुलगा, हा साधा प्रश्न मला पडला नाही. लाज वाटली, इतकी की प्रोकोपिओकडे बघवेना.

मी फावडं मागितलं. "माझं काम मीच उकरतो," म्हणालो.

ते सोपं नव्हतं. रात्रभरात माती घट्ट बसली होती. मी घामाघूम झालो, आणि प्रोकोपिओ सावलीत बसून बघत होता.

"छान बुजवलंय," तो म्हणाला. "कोणी शिकवलं?"

"वडिलांनी. ते आमच्या गावचे मायोर्दोमो होते."

त्यानं मान डोलावली. "मग त्यांना ठाऊक असणार."

दगड निघाला. धार पुन्हा उतारावर पळाली, आणि एलोइसाबाई उठून तिच्याबरोबर चालत परसात गेल्या. परत येताना त्यांनी मला हातानं खुणावून जेवायला बोलावलं. घेवड्याच्या दाण्यांची उसळ, गरम तोर्तिया (मक्याची पातळ भाकरी), भाजलेली हिरवी मिरची. या वेळी मी मिरचीबद्दल काही बोललो नाही. त्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि मला स्पॅनिश. त्या वाढत राहिल्या, मी खात राहिलो. घळ राहिली ती राहिलीच.

रविवारी सकाळी घरी पोचलो. दुपारी केतकीनं पियानो वाजवला, दोनदा चुकली आणि शेवटी वाकून नमस्कार केला. संध्याकाळी मी निळं एरोग्राम घेऊन बसलो. चार वेळा मजकूर जुळवला आणि मोडला. अखेर एवढंच लिहिलं की, अण्णा, मी एका गावात कोणा बाईंची गळती बुजवली होती, ती माझ्या हातानं उकरून आलो. तानूबाईची गळती तुम्ही ठेवली होतीत का?

तीन आठवडे रोज टपालपेटीपर्यंत जाऊन आलो. एक दिवस कामावरून आलो तर वसुधा दारातच उभी होती. तिनं पत्र उघडलं नव्हतं. वर अण्णांच्या ठसठशीत अक्षरांत माझं नाव होतं.

या प्रवासाला आता बरीच वर्षं झाली. निवृत्तीनंतर वसुधाबरोबर खऱ्या स्पेनलाही जाऊन आलो आणि ते जुने पाट डोळे भरून पाहिले. सुंदरच आहेत. पण स्पेन म्हटलं की मला आठवतो तो न्यू मेक्सिकोतला तो सैल दगड आणि त्यामागून आलेलं हे पत्र. अण्णा गेले, पत्र माझ्या टेबलाच्या खणात आहे.

"चि. दिगंबर यास अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. तानूबाईचं पाणी मीच सोडलं होतं. सभेत तू बोललास ते हिशेबानं बरोबर होतं, म्हणून मी बोललो नाही. गळती ठेवील त्याला पाटकरी ठेवायचं नाही असं गावानं ठरवलं, म्हणून वर्षअखेर मी पाटकरी राहिलो नाही. पुढे नव्या पाटकऱ्यानं बुजवायची आणि मी उकरायची असं तानूबाई होती तोवर चाललं. तिच्या मांडवाचे वाल तुझी आई तुला पुण्याला पाठवायची, ते तुला आवडायचे. मनाला लावून घेऊ नकोस. त्या सुट्टीनंतर तुझी एस.टी. वळणाआड गेली तशी मी फावडं घेऊन पाटावर गेलो होतो. बुजवलं मात्र चांगलं होतंस. उकरायला मला सबंध सकाळ लागली."