ग्रीस ते कोरिया, परळमार्गे

माझ्या बायकोच्या मामांइतका जगभर पसरलेला आणि तरीही परळच्या अकराव्या मजल्यावरून सहसा खाली न उतरणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. उभं आयुष्य त्यांनी मालवाहू जहाजांवर काढलं. खलाशी म्हणून चढले आणि सारंग, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम, होऊन उतरले. उतरताना बाकीचे लोक परफ्यूम, चॉकलेटं, टेपरेकॉर्डर घेऊन उतरायचे. मामा माणसं घेऊन उतरले. जपानचा एक आचारी, फिलिपिन्सचा एक वायरमन, कोरियाचा एक इंजिनीअर आणि ग्रीसचा एक चीफ ऑफिसर. ही सगळी निवृत्त मंडळी आपापल्या देशात आपापल्या खुर्चीत बसून आहेत, आणि त्यांची खबरबात रोज मामांच्या जेवणाच्या टेबलावर येऊन थडकते.

यात अडचण एवढीच, की जगाने निरोप धाडायचं एकच साधन ठरवलेलं नाही. आपल्याला वाटतं, फोन म्हटला की त्यात ते हिरवं ॲप असायचंच, सकाळी त्यात फुलं यायची आणि दुपारी नातेवाईक भांडायचे. मामांनी माझा हा गैरसमज पहिल्याच भेटीत दूर केला. लग्न ठरल्यावर मी त्यांच्या पाया पडायला गेलो तेव्हा पगार, घर, वडिलांची तब्येत यातलं काहीही न विचारता ते म्हणाले, "जावईबापू, जपानात हिरवं वापरतात, पण ते आपलं हिरवं नाही. कोरियात पिवळं. ग्रीसमध्ये जांभळं. फिलिपिन्सवाला निळ्याशिवाय बोलत नाही. लक्षात ठेवा, उपयोगी पडेल." मी ॲपांची नावं विचारली. नावं त्यांना महत्त्वाची वाटत नव्हती. समुद्रावर जहाज दुरून आलं की आधी रंग दिसतो, नाव नंतर वाचायचं, असं ते म्हणाले.

एका फोनमध्ये ही सगळी ॲपं सुखाने नांदतात हे त्यांना पुष्कळांनी सांगून पाहिलं. मामांना ते पटत नाही. या कंपन्या एकमेकांची गिऱ्हाइकं पळवायला टपलेल्या आहेत, आणि तुम्ही त्यांना एकाच खोलीत झोपवताय, हा त्यांचा सवाल असतो. म्हणून भाचरंडांनी टाकून दिलेले फोन गोळा करून त्यांनी प्रत्येक देशाला स्वतंत्र फोन दिला आहे. असे चार आणि आपल्या हिरव्याचा एक, मिळून पाच फोन मामींच्या स्टीलच्या मोठ्या ताटात, वाट्या मांडाव्यात तसे, गोलाकार मांडलेले असतात. मामींना आता प्रत्येकाचा आवाज पाठ झालाय. आतून त्या भाकऱ्या थापता थापता सांगतात, "अवो, तुमचो कोरिया वाजता हा." मामा टॉवेलला हात पुसत कोरिया उचलतात.

जपानी आचाऱ्याला लिहिण्याचा कंटाळा. तो अस्वलांची आणि सशांची चित्रं पाठवतो. एकदा त्याने कमरेत वाकून नमस्कार करणारं अस्वल पाठवलं, तर मामा खुर्चीवरून उठले, फोनसमोर तसेच वाकले आणि मग उत्तर लिहायला बसले. दुसऱ्या खेपेला रडणारा ससा आला. मामांनी दिवसभर अन्न गोड मानलं नाही. संध्याकाळी धीर करून काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा कळलं की त्याचा अंगठा चुकून भलत्याच सशावर पडला होता.

या सगळ्यांना एकाच ॲपवर आणायचा प्रयत्न मामांनी एकदा केला होता. चौघांनाही लिहिलं, की आता वयं झाली, एका ठिकाणी भेटू या. वायरमन म्हणाला, निळं. इंजिनीअर म्हणाला, पिवळं सोडून मी कुठेही जाणार नाही, आमच्याकडे पिवळं नसलेल्या माणसाला लोक मेला समजतात. ग्रीक साहेब म्हणाला, माझ्या गावात डॉक्टर, पाद्री आणि शेळीवाला, तिघंही जांभळ्यावर आहेत, मी हलणार नाही. एकटा जपानी लगेच कबूल झाला. हिरवं चालेल म्हणाला. मामांचा आनंद गगनात मावेना. ते आठ दिवस आपल्या हिरव्यात त्याची वाट बघत बसले आणि तो आठ दिवस त्याच्या हिरव्यात मामांची. त्यानंतर मामांनी एकीकरणाचा नाद सोडला आणि स्वतःच टेलिफोन एक्सचेंज झाले. जांभळ्यात आलेला ग्रीसचा निरोप ते पिवळ्यात लिहायचे, पिवळ्यातलं उत्तर जांभळ्यात. अशी सहा वर्षं ग्रीस आणि कोरिया परळमार्गे एकमेकांशी बोलत होते.

मागच्या वर्षी मामांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी आठ दिवस फोनकडे बघायचं नाही अशी तंबी दिली. मी अँटॉप हिलला राहतो आणि घरूनच काम करतो, त्यामुळे लॅपटॉप घेऊन परळला मुक्काम हलवायचा हुकूम मला बायकोकडून झाला. मामांनी काळा चष्मा लावून मला कामाची पद्धत समजावली. "निरोप आला की मला वाचून दाखवायचा. मग मी सांगेन ते पुढे लिहायचं. आपल्या मनाने काही पाठवायचं नाही." दोन दिवस मी तसंच केलं. जपानचं बदक आलं, मामा म्हणाले उलट बदक पाठवा. वायरमनला नात झाली, मामांनी माझ्याकडून अभिनंदन लिहून घेतलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मामा झोपले होते आणि जांभळा फोन वाजला. ग्रीक साहेबाने त्याच्या तुटक इंग्रजीत लिहिलं होतं, "इंजिनवाल्या चोराला सांग, मी विसरलो नाही. एकोणीस-एकोणीस. दिवे त्यानेच घालवले." मला वाटलं, खलाशांची जुनी थट्टा असेल. एवढ्यासाठी आजारी माणसाला कशाला उठवायचं, म्हणून मी तो मजकूर जसाच्या तसा पिवळ्या फोनवर लिहिला आणि पाठवून दिला.

उत्तर मिनिटभरात आलं. "हे कोणी लिहिलं?"

मी लिहिलं, की ग्रीक साहेबांनी, मी मामांचा जावई, फक्त पुढे पाठवतोय.

 मग कोरियाने विचारलं, "मग सहा वर्षं माझ्या गुडघ्याची चौकशी कोण करत होतं?"

 मी जुने निरोप वर सरकवून वाचू लागलो. जांभळ्यात ग्रीक साहेब दर महिन्याला इंजिनीअरला चोर, भामटा, तेलकट माकड म्हणत होता. तोच निरोप पिवळ्यात पोचताना 'साहेब विचारतात, तुमचा गुडघा कसा आहे' असा झाला होता. उलट दिशेने इंजिनीअरने लिहिलेल्या शिव्या ग्रीसला पोचेपर्यंत 'तुमच्या लिंबाच्या झाडांना यंदा फळ कसं आहे' अशा झाल्या होत्या. नंतरची काही वर्षं तर गंमतच होती. इंजिनीअर खरोखरच विरघळला होता आणि गुडघ्याचे एक्स-रे पाठवू लागला होता. ग्रीक साहेब शिव्या देऊन झाल्या की खाली लिंबांचे फोटो जोडत होता.

मामा उठल्यावर मी सगळं सांगून टाकलं. ते रागावले नाहीत. काळ्या चष्म्याआडून माझ्या दिशेने बघत बसले, आणि ते जास्त वाईट होतं. मामीच बोलल्या. "मी तेंका कितीदा सांगितलंय, पोस्टमनान पत्रां फोडूची नसतत."

"मी खोटं काय लिहिलं?" मामा हळूच म्हणाले. "त्याचा गुडघा दुखतोच. तो ग्रीक विचारत नव्हता, म्हणून मी विचारलं."

मग त्यांनी मला ती एकोणीस-एकोणीसची हकीकत सांगितली. जहाजावर टेबल टेनिसचं टेबल होतं. डेकवाले आणि इंजिनवाले यांच्यात वर्षभर सामने चालले आणि शेवटचा सामना चीफ ऑफिसर आणि इंजिनीअर यांच्यात आला. सगळं जहाज बघायला जमलं होतं. एकोणीस-एकोणीसवर असताना खोलीतले दिवे गेले. अंधारात कोणीतरी चेंडूवर पाय दिला, तो फुटला, आणि जहाजावर तो शेवटचा चेंडू होता. दिवे इंजिनवाल्यांच्या ताब्यात, म्हणून ग्रीक साहेबाने आळ इंजिनीअरवर घेतला. इंजिनीअर म्हणाला, मी खेळत असताना दिवे कसे घालवीन. तेव्हापासून ते दोघं थेट बोललेले नव्हते.

त्या संध्याकाळी पिवळ्या फोनवर शेवटचा निरोप आला, "सारंग, तू मला फसवलंस." मी मामांच्या सांगण्यावरून ग्रीक साहेबालाही खरं काय ते कळवलं होतं. त्याचं उत्तर एवढंच आलं, "म्हणजे माझ्या लिंबांबद्दल त्याने कधीच विचारलं नाही?" मग दोन्ही फोन गप्प झाले. एक दिवस गेला, दोन गेले, चार गेले. आठ दिवसांची बंदी उठली, चष्मा उतरला, पण मामा ताटाकडे बघेनात. मामींनी बाजारातून मुद्दाम सरंगा, म्हणजे पापलेट, आणला, तोही त्यांनी अर्धा ठेवला. मला तर त्या घरात वावरायची चोरी झाली होती.

मग शनिवार आला. दुपारी कोरिया वाजला, आणि वाजला तो व्हिडिओ कॉल. इंजिनीअर चष्मा पुसत स्क्रीनवर आला आणि म्हणाला, "त्याला बोलव. माझ्यासमोर बोलव." मामा म्हणाले, त्यासाठी तुला जांभळं घ्यावं लागेल. तो म्हणाला, मरेन पण जांभळं घेणार नाही. मामांनी ग्रीसला फोन लावला. ग्रीक साहेब म्हणाला, मी यायला तयार आहे, पण पिवळ्यात पाय ठेवणार नाही.

मामांनी क्षणभर विचार केला आणि मामींना दोन डबे मागितले. टेबलाच्या एका टोकाला तांदळाच्या डब्याला टेकून पिवळा फोन उभा केला, दुसऱ्या टोकाला साखरेच्या डब्याला टेकून जांभळा, आणि दोघांची तोंडं एकमेकांकडे वळवली. सुरुवातीला ग्रीक साहेबाला फक्त मामींचा फ्रिज दिसत होता आणि इंजिनीअरला छताचा पंखा. मी डब्यांखाली पेपरच्या घड्या सरकवत गेलो. आवाज नीट यावा म्हणून मामांनी पंखा बंद केला. अखेर एका क्षणी दोघांच्याही चेहऱ्यांवर कळलं, की समोर माणूस दिसतोय.

 मग ग्रीक साहेब म्हणाला, "तू म्हातारा झालास."

"तू जाडा झालास," कोरियाने सांगितलं.

"दिवे तू घालवलेस."

"नाही."

 मी मामांकडे पाहिलं. ते दोन्ही फोनच्या मधोमध, कोणाच्याही स्क्रीनमध्ये न येता बसले होते. घसा खाकरून ते म्हणाले, "मी घालवले. बाहेरचा स्विच मी बंद केला. तुमच्यातला कोणीही हरला असता तर पुढच्या बंदरापर्यंत डेक आणि इंजिनवाले एकमेकांच्या उरावर बसले असते. मला वाटलं, बरोबरीत सुटेल."

त्यानंतर जे झालं ते मला नीट सांगता येणार नाही, कारण अर्धं ग्रीकमध्ये होतं आणि अर्धं कोरियनमध्ये. पण दोघंही एकाच माणसाला शिव्या देत होते आणि त्यांच्या आवाजात कमालीची एकजूट होती. त्यांना मामा दिसत नव्हते, म्हणून ते एकमेकांकडेच बघून मामांना झापत होते. एकाने दम घ्यायला थांबावं, दुसऱ्याने तिथून पुढे सुरू करावं. मामा मान खाली घालून ऐकत होते. मामींनी मला हलकेच विचारलं, "काय म्हणतत?" मी म्हटलं, कळत नाही, पण समेट झालेला दिसतो.

त्याला आता वर्ष होईल. अजूनही एकाने पिवळं सोडलेलं नाही, दुसऱ्याने जांभळं. दर शनिवारी दुपारी साडेतीनला, म्हणजे ग्रीसच्या दुपारच्या जेवणाच्या आणि कोरियाच्या रात्रीच्या जेवणाच्या वेळी, परळच्या त्या टेबलावर दोन डबे समोरासमोर मांडले जातात. मामांना आता लिहायचं काही उरलेलं नाही. त्या दोघांना मध्यस्थही लागत नाही. पहिली पंधरा मिनिटं ते बोलतात, मग बोलणं संपतं आणि दोघं आपापल्या ताटावर वाकून जेवत राहतात. फोन मात्र कोणी ठेवत नाही.

परवा मी गेलो होतो तेव्हा असंच चाललं होतं. पंखा बंद होता आणि मामा बनियनवर बाजूला बसून होते, घामाने निथळत. मी दबक्या आवाजात विचारलं, "मामा, तुमच्याशी तर कोणी बोलतही नाहीये. कंटाळा येत नाही?"

"जहाजावर वॉचला, पहाऱ्याला असलं की असंच असतं," ते म्हणाले. "बोलायचं काही नसतं. सगळी आपापल्या जागेवर आहेत ना, एवढंच बघायचं."

आतून मामी आल्या. हातात घडी केलेला पेपर होता. खुर्ची ओढली तर आवाज होईल म्हणून त्या उभ्याच राहिल्या आणि मामांना वारा घालू लागल्या.